दिष्टीचा मंत्र

लाटंबार्से गावात पोर तापलं की बायका गंगाकाकीचं दार गाठत. मिठामिरच्यांची मूठ ओवाळताना ती मंत्र पुटपुटायची. तिच्याआधी दिष्ट काढणाऱ्या आईनं स्वतःच्या शेवटच्या तापात तो तिच्या कानात सांगितला होता, अर्थ मात्र सांगितला नव्हता. आई लग्नाआधी उर्दू बोलपटांत नायिका होती, पण त्याबद्दल तिनं कधी तोंड उघडलं नाही. आज सुनेला, सिद्धीला मोबाइलवर आईचा सिनेमा सापडला. पडद्यावर तरुण आई आजारी बाळावर ओणवून तोच मंत्र म्हणत होती. काकीनं विचारलं, "काय म्हणता गो ती?" सिद्धीनं खालची इंग्रजी ओळ समजावली. "देवा, ह्याचां दुखणां माका लागो." आईला शेवटचा ताप कुणाचा लागला होता? तेवढ्यात शेजारीण आपला तापलेला झील कडेवर घेऊन धावत आली. "काकी, दिष्ट काढ गो!" काकीनं मूठ भरली आणि समजूनउमजून तेच मागणं मागितलं.