हैबतरावांचा अभिप्राय

“आमचा मसनवटा तुमी इकू दिलात, आन् आता त्येचा कागुद मागितला तर तोंड लपिवताय!”

चांगुणाचा आवाज कचेरीच्या कौलांपर्यंत गेला. अव्वल कारकून पान लावत बसले होते. चुन्याचं बोट तसंच हवेत धरून त्यांनी मान वर केली.

“ओरडू नका बाई. इथं काय बाजार भरलाय?”

“बाजार असता तर बरं व्हतं, भाऊसाहेब. बाजारात मागंल ती वस्तू दावत्यात तरी.”

ओढ्याकाठचा तो तुकडा तिच्या वस्तीचा. कोळवणच्या खोऱ्यात तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जळली. गावातल्या हैबतरावांनी त्याला लागूनचा आपला मळा पुण्याच्या एका डॉक्टराला विकला, त्यात हा तुकडाही सरकवून दिला. कचेरीनं डोळे मिटून नोंद केली आणि डॉक्टरानं तिथं बंगला बांधून त्या तुकड्यासकट तारेचं कुंपण ओढलं. वस्तीनं तक्रार केल्यापासून एकच उत्तर : पत्रव्यवहार चालू आहे. गावात ज्याला भिजत घोंगडं म्हणतात, त्याला कचेरीत पत्रव्यवहार म्हणतात. फरक एवढाच, की घोंगड्याला कधीतरी ऊन लागतं.

म्हणून चांगुणानं लेकीकडून अर्ज लिहून घेतला होता. या प्रकरणात कुणी कुणाला काय लिहिलं, त्या सगळ्या पत्रांच्या नकला द्या. वर स्टँप, खाली अंगठा. आणि आज ती भाताची लावणी टाकून आली होती, कारण घरात सासूनं कालपासून पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं.

“तुमच्या अर्जावर कारवाई झालीय,” कारकून म्हणाले. “नथू, काढ रे तो गठ्ठा.”

शिपायानं फडताळातून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा आणून टेबलावर आदळला. कारकुनांनी गाठ सोडली, पानं चाळली.

“हे बघा. तुमचा अर्ज आम्ही अभिप्रायासाठी पाठवला होता.”

“कुनाकडं?”

“हैबतरावांकडं. पत्रं ज्यांच्याविषयी आहेत, त्यांचं म्हणणं घ्यावं लागतं. पद्धत आहे तशी.”

चांगुणा फसकन हसली.

“मंजी घरफोड्यालाच इचारलंत, का बाबा, घरधन्याला पंचनामा दावू का?”

बाकावरचा एक म्हातारा खोकल्याआडून हसला. कारकुनांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याचं काम आणखी महिनाभर लांबलं हे त्याचं त्यालाच कळलं.

“हैबतराव लिहितात,” कारकून वाचू लागले, “‘अर्जदार बाई निरक्षर आहे. तिला नकला देऊन काही उपयोग नाही. तिला फूस लावणारे दुसरेच आहेत. सबब नकला देऊ नयेत.’ खाली साहेबांनी ‘सहमत’ म्हणून सही केलीय. झालं?”

“मला वाचता येत न्हाई, व्हय ना?”

“हो.”

“मग लपिवताय कुनापासनं?”

उत्तर द्यायला साहेबच आतून आले. कोरा सदरा, आवाजात खडीसाखर.

“हे बघा ताई, दोन कार्यालयांतला पत्रव्यवहार ही अंतर्गत बाब असते. तुमचा त्यात संबंध येत नाही. निकाल लागेपर्यंत जागा जैसे थे राहील. कुणीच काही करायचं नाही. तुम्हीही नाही आणि डॉक्टरांनीही नाही. सर्वांना समान न्याय.”

जैसे थे. म्हणजे कुंपण कुंपणाच्या जागी, डॉक्टर आरामखुर्चीत आणि वस्तीची मढी वाऱ्यावर. अन्याय हलू द्यायचा नाही आणि त्यालाच समान न्याय म्हणायचं, हे कसब या खुर्च्यांनाच साधतं.

“घरी म्हातारी सासू मराया टेकलीया, तिलाबी तसंच सांगू का?” चांगुणा म्हणाली. “सायेब म्हनत्यात, निकाल लागस्तवर जैसे थे ऱ्हा?”

“वय झालं की माणूस जायचंच. त्याला शासन काय करणार?”

“गेल्या आखाडात आमच्या वस्तीवरला गेणबा गेला. तारंपाशी तिरडी ठिवली. राखनदार म्हनला, कागुद आना. कागुद तुमच्या ह्या फडक्यात! मग सडकंच्या कडंला जाळला त्येला. वरनं धो धो पाऊस. पोरगं त्येचं, इझलेली लाकडं पुन्ना पुन्ना पेटवीत व्हतं. एस्टी थांबली, लोकं खिडकीतनं बघत व्हती. तवा कुटं व्हतं तुमचं शासन?”

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. “नव्यानं अर्ज करा. रीतसर करा. विचार करू.”

कारकुनांनी अखेर पानाला चुना लावला. नथू गठ्ठा बांधू लागला, तशी चांगुणानं त्यावर हात ठेवला.

“हात काढा बाई,” साहेब कडाडले. खडीसाखर विरघळली होती. “सरकारी कागद आहेत ते.”

“काढते. माझाच हात बाटायचा.”

तिनं हात पदराला पुसला. साहेब बाहेर निघाले, तर ती जाऊन दारात उभी राहिली.

“नकला न्हाई दिल्यात तरी चालंल. अर्जबी न्हाई करायची मी आता. तोंडानं सांगा. आज म्हातारी गेली, तर तिला कुटं न्यायची?”

नथू कारकुनांकडं बघू लागला, कारकून साहेबांकडं आणि साहेब तिच्या डोक्यावरून बाहेर.

“भायेर काय बघताय, सायेब? तुमालाच इचारतीया. कुटं न्यायची?”