हाताचा काटा

मॅनेजरनं कामगारांकडून काढून घेतलेल्या ओळखपत्रांची पिशवी कानिफनाथच्या हातात दिली. "काका, ही हेड ऑफिसच्या गाडीत ठेवा. अख्ख्या जिल्ह्यातून मार्टनं बाराच माणसं कमी केलीत, उगा बोभाटा करू नका." कानिफनाथनं पिशवी तोलली. याच मार्टनं बुडवलेल्या त्याच्या कोल्हारच्या किराणा दुकानात वीस वर्षं जोखून हाताचा काटा झाला होता. सुपारीएवढा फरकही कळायचा. गळ्यातलं ओळखपत्र त्यानं दुसऱ्या तळहातावर घेतलं. "साहेब, हे एक पस्तीस ग्रॅम, पिशवी साडेतीन किलो. बारा कसली? शंभर माणसं हायती." काउंटरवरची माणसं खाली बघून बिलं करत राहिली. रोज डब्यातली चटणी वाटून खाणारा याकोब हसला असता, पण तो पिशवीत होता. "लई हुशार तुम्ही," मॅनेजर म्हणाला, "आता तुमचंही टाका." कानिफनाथनं टाकलं आणि पिशवी पुन्हा जोखली. एक माणूस वाढला, तरी वजन तेवढंच भरलं.