रिकाम्या पोटी

आमचा भाचा डॉक्टर झाल्यापासून माणसाचं तोंड बघत नाही, नुसते कागद बघतो. ह्यांना पाण्याचा घोट उतरेना, महिन्याभरात हाडं वर आली, म्हणून त्याच्याकडे नेलं. त्याने एकदा स्कॅन केला आणि दोनदा घशातून दुर्बीण घातली, तिन्ही वेळा रिकाम्या पोटी. आज रिपोर्ट चाळत म्हणतो, "मामी, सगळं नॉर्मल आहे. मामांच्या मनाचे खेळ आहेत हे."

मी त्याच्याच टेबलावरचा पाण्याचा ग्लास ह्यांच्या हातात दिला. पहिल्याच घोटाला असा ठसका लागला की नाकातोंडातून पाणी आलं. भाचा खुर्चीतून ताडकन उठला.


"बस खाली," मी म्हटलं. "गिळता येत नाही म्हणून आलेल्या माणसाला तीनदा उपाशी ठेवून तपासलंस. त्याला गिळताना बघायचं तुझ्या चौथी नापास मामीला सुचलं."