बाजूच्या सीटवर

"गॅस, आंटी, गॅस! सोडू नका!"

सोडलाच. नेमका चढ सुरू झाला तिथेच सरोजबाईंनी पाय उचलला आणि गाडी वाळूत पोटापर्यंत बसली. तिसऱ्यांदा. आणि अजून साडेनऊ पण नव्हते वाजले!

मार्विन उतरला, फावडं काढलं, चाकांमागची वाळू उपसायला लागला. दुसरा कोणी असता तर वैतागला असता, निदान हसला तरी असता. मार्विनला काहीच झालं नाही. पाच महिने त्याचं असंच चाललं होतं. जेवण दिलं की जेवायचा, लाइट घालवला की झोपायचा.

"सॉरी हं," बाई खिडकीतून म्हणाल्या. "पाय आपोआप उचलला जातो रे."

"चालतं, आंटी."

"आणि आंटी काय? नाशिकची आहे मी. काकू म्हण."

"चालतं, काकू."

सीलाइनच्या किनाऱ्यापलीकडे, वाळवंटात, वाळूत गाड्या चालवणाऱ्या क्लबची नवशिक्यांची राइड होती. सहा गाड्या. प्रत्येक गाडीत एक शिकणारा आणि त्याच्या बाजूला क्लबचा एक जाणकार, म्हणजे मार्शल. पुढे लीडला रहमानभाई. शेवटची मोठी टेकडी ओलांडली की जाणकाराने रेडिओवर सांगायचं, पास की नापास. बस्स, एवढंच.

सकाळी टायरची हवा कमी करताना रहमानभाईंनी लाल रिबिनी वाटल्या, नवशिक्यांच्या गाड्यांना बांधायला. काकूंच्या गाडीची रिबिन त्यांनी स्वतः बांधली, मार्विनच्या बाजूच्या आरशाला.

मार्विन तसा येणारच नव्हता. ऑक्टोबरात याच वाळूत त्याची जीप उलटली होती. बाजूला बायको होती, ज्युडिथ. तिच्या कमरेचं हाड मोडलं. आता ती काठी घेऊन चालते, हॉस्पिटलात ड्युटीलाही जाते. पण जाते मेट्रोने. रोज सकाळी अल मन्सूराच्या स्टेशनपर्यंत टुकटुक करत, कारण मार्विनने त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हातच लावला नाही. वाळूत नाही, रस्त्यावर नाही, बिल्डिंगच्या पार्किंगमध्येसुद्धा नाही.

"मला राग नाय तुझा," ज्युडिथ म्हणायची. "फक्त स्टेशनपर्यंत सोड ना रे."

तो टॅक्सीचं ॲप उघडून फोन तिच्यासमोर धरायचा.

गेल्या आठवड्यात रहमानभाईंचा फोन आला. "भाई, चलाना नहीं है, बस बाजू में बैठना है. एक मॅडम है, उधर उत्तर में, शमाल से आती है, उसके साथ कोई नहीं."

ज्युडिथने ऐकलं. "जा की," ती म्हणाली. "बसायला काय जातंय?"

म्हणून आला. क्लब सोडतोय असा मेसेज टाइप करून ठेवलाच होता. आजचं झालं की पाठवायचा, खलास.

पुढच्या दोन टेकड्यांवर काकू पुन्हा रुतल्या. गंमत म्हणजे दर वेळी अगदी सपाटीला, गाडी जराही न कलंडता. मार्विन दर वेळी त्याच आवाजात सांगत राहिला. "चढताना थांबू नका. माथ्यावर गॅस कमी. उतरताना नाक सरळ, ब्रेक नाही."

"तुला सगळं पाठ आहे रे," काकू म्हणाल्या. "मग चालवत का नाहीस?"

"तसंच."

"तसंच म्हणजे?"

"काकू, पुढे बघा."

शेवटची टेकडी आली. तीन गाड्या ओलांडून गेल्या होत्या. मागे दोन गाड्या इंजिन चालू ठेवून थांबलेल्या. काकूंनी वर बघितलं, हँडब्रेक ओढला आणि सरळ उतरल्या. फिरून आल्या आणि मार्विनचं दार उघडलं.

"माझे पाय लटपटतायत. तू घे."

"नाही. मागे फिरू."

"कसं फिरणार? ज्या उतारावरून आलो तो चढणं याहून अवघड, तूच म्हणालास."

"काकू, मी चालवत नाही."

"ठीक आहे. मग इथेच संसार मांडू. डब्यात थालीपीठ आहे, दुपारपर्यंत पुरेल."

रेडिओ खरखरला. "चार नंबर, क्या हुआ? यल्ला, यल्ला, चलो!"

मार्विन बसून राहिला. काकू उन्हात दार धरून उभ्या. मागच्याने हॉर्न मारला. मग कधीतरी तो उतरला, कसा ते त्यालाही कळलं नाही, आणि पलीकडे जाऊन बसला. स्टिअरिंग गरम होतं.

"बेल्ट लावा, काकू."

"लावलाय."

त्याने गॅस दिला. गाडी उचलली. चढ, चढ, चढ, समोर नुसतं आकाश, बाजूच्या सीटकडे बघायचं नाही, गॅस कमी, नाक खाली गेलं. हात ब्रेककडे नाही, पाय ब्रेककडे नाही, सरळ, सरळ, आणि वाळूसोबत गाडी घसरत खाली आली. सपाटीवर थांबली.

बाजूला बघितलं. काकू बसलेल्या, धडधाकट, चष्मा पुसत.

मार्विनने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो रडला, आणि काकूंनी खिडकीबाहेर बघितलं.

"चार नंबर, रिपोर्ट," रेडिओवर रहमानभाई.

मार्विनने बाहीने तोंड पुसलं. आता काय सांगायचं? बाईंनी शेवटची टेकडी चालवलीच नव्हती. नापासच सांगावं लागणार. त्याला खरंच वाईट वाटलं.

"सॉरी काकू, पण मला..." म्हणत त्याने माइककडे हात नेला.

माइक काकूंनी आधीच उचलला होता.

"लीड, मार्शल सरोज बोल रही हूँ. मेरा बिगिनर मार्विन, पास."