मेणाचा शेवटचा हात

एल्डनला पुरून महिना झाला नाही, तोच त्याचा धाकटा भाऊ ड्वेन अंगणातला जुना पिकअप ट्रक घेऊन गेला. कागदांवर दोघा भावांची नावं, त्यामुळे एल्डनच्या बायकोचं, वर्नाचं, काही चाललं नाही.

वरून फेब्रुवारीत तोच ट्रक घेऊन हा निलाजरा तिच्याच दारात उभा! हौद्यावरचा फायबरचा लाल टप युमाच्या वाळवंटी उन्हाने पार विटला होता. हात लावला की खडूसारखी पांढरी भुकटी यायची. आणि गावात असे टप चमकवावेत ते वर्नानेच.

"वहिनी, घरचंच काम आहे, नाही म्हणू नकोस," ड्वेन दात काढत म्हणाला. "आणि मेण नीट लाव बरं का. नाहीतर सहा महिन्यांत ऊन परत रंग खाऊन टाकतं."

"ते मला नका शिकवू, भाऊजी."

तीन दिवस तिने टप घासला, पॉलिश मारलं आणि शेवटी बारीक ब्रश घेऊन, जीव लावून मेण चढवलं. ड्वेन त्या चकाकत्या टपात बघून भांग पाडून गेला.



ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चसमोर त्याच्या ट्रकभोवती ही गर्दी जमली: वर्नाने जिथे मुद्दाम मेण लावलं नव्हतं तेवढाच रंग उन्हाने खाल्ला होता, आणि लालभडक टपावर वीतवीतभर पांढरी अक्षरं उमटली होती, 'हा ट्रक मी भावाच्या विधवेकडून लाटलाय.'