मरळीचा श्वास

डोमाजीनं बेडकाच्या पाठीतून गळ आरपार काढला आणि दोर उद्धवरावाच्या हातात दिला. बेडूक पाय झाडत होता. मरळ मेलेल्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही, तिला जिवंतच लागतं. आणि हे टोचायचं काम तीस वर्षं डोमाजीकडेच होतं. उद्धवरावानं बेडूक लव्हाळ्याजवळ भिरकावला, दोराचं दुसरं टोक बाभळीला बांधलं आणि दोघं डोहाच्या काठावर बसले.

उद्धवरावाचा डावा गाल आतून सडला होता. तोंड एका बोटाएवढंच उघडायचं. उद्या नागपूरला ऑपरेशन होतं. खालचा अर्धा जबडा काढणार होते, आणि हा बाबा अडून बसला होता की मी जात नाही. मथुरावहिनीनं पिशवी भरून दाराशी ठेवली होती. "भाऊजी, तुमचंच ऐकतीन थे," म्हणून तिनंच सकाळी दोघांना बाहेर काढलं. बिचारीला वाटलं, डोमाजीकडे काही शब्द असतील. डोमाजीकडे होता गुडीहत्नूरच्या बसस्टँडवरचा पानठेला. उद्धवरावानं आजवर खाल्लेला सुपारी-तंबाखू-चुन्याचा एकूणएक खर्रा त्याच ठेल्यावर, डोमाजीच्याच तळव्याखाली घोटला गेला होता.

"डोमा, खर्रा दे," उद्धवराव दातांतून म्हणाला.

"नाई आणला."

"खिसा फुगला हाय तुहा."

फुगला होताच. मेली सवय. सकाळी ठेला उघडला तेव्हा हातानं आपसूक एक पुडी घोटून खिशात टाकली होती. डोमाजी ती पाण्यात फेकायला उठला, तर उद्धवरावानं त्याच्या कमरेलाच मिठी घातली. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये चिखलात लोळले. पुडी कुठं गेली ते दोघांनाही कळलं नाही, तरी कोणी सोडेना. उद्धवरावाची हाडं वर आली होती, पण बोटांत जोर होता. त्यानं डोमाजीचा गळा धरला आणि दाबत राहिला. डोमाजीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. सुटायला म्हणून त्यानं हात उचलला आणि सणसणीत कानफटात ठेवून दिली.

हात पडला तो डाव्या गालावर.

उद्धवराव ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यांवर बसला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. हा हात इथंच तोडून डोहात टाकावा, असं डोमाजीला वाटलं.

"उद्धवा, चुकलं माह्यं."

"मार आणखीन. इतके वर्सं हळूहळू मारलं, आज जोरानं मार."

डोमाजी काही बोलणार तोच बाभळीचा दोर ताठ झाला. दोघंही धावले. दोर ओढता ओढता उद्धवरावाचा तळवा चिरला, तरी तो सोडेना. चांगली चार किलोची मरळ काठावर आली आणि तिनं शेपटीचा असा तडाखा दिला की डोमाजी मागं पडला. त्यानं दगड घातला, तो डोक्यावरून निसटला. शेवटी त्यानं तिच्यावर गुडघा रोवला. गळ तिच्या खालच्या जबड्यात पार मुळाशी रुतला होता. अशा वेळी दोघांची रीत ठरलेली होती. विळ्यानं जबडा फोडायचा, गळ काढून घ्यायचा आणि मासा जिवंत तसाच ओल्या पोत्यात घालायचा.

डोमाजीनं विळा जबड्याच्या सांध्याला लावला, आणि त्याचा हात थांबला.

"काप," उद्धवराव म्हणाला.

डोमाजीनं विळा मागं घेतला.

"काऊन थांबला? उद्या डॉक्टर थांबन का?"

डोमाजीच्यानं झालं नाही. उद्धवरावानं विळा हिसकला आणि स्वतःच चालवला. करकर वाजलं. खालचा अर्धा जबडा गळासकट चिखलात पडला. मासळी अजून वळवळत होती. डोमाजीनं पोतं पुढं केलं, पण उद्धवरावानं दोन्ही हातांनी तिला पाण्यात लोटून दिलं. पाणी लाल झालं, मग गढूळ झालं, मग नुसतं पाणी राहिलं.

"मरळीले श्वासाले वर यावंच लागते," उद्धवराव हात धूत म्हणाला. "थे वर आली, तं मी उद्या येतो. नाई आली, तं कोणी मले काई म्हणाचं नाई. मथुरालेई सांगजो."

दोघं बसून राहिले. ऊन चढलं, चिखलातल्या जबड्याला मुंग्या लागल्या. डोमाजीनं पाण्यावरची नजर हलवली नाही. जन्मात त्यानं देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. आज तो एका मासळीचं तोंड मागत होता.

लव्हाळ्यापाशी पाणी फुटलं. एक तोंड वर आलं, हवेचा घोट घेतला आणि बुडालं.

"आली," डोमाजी म्हणाला.

उद्धवरावाच्या डोळ्यांवर ऊन होतं. त्यानं हाताचा आडोसा केला, पण तोवर उशीर झाला होता. "थेच व्हय का?"

डोमाजीनं नीट पाहिलं होतं. ही मरळ लहान होती आणि तिचे दोन्ही जबडे शाबूत होते.

"थेच व्हय. अर्धं तोंड व्हतं. मी पाह्यलं."

उद्धवरावानं डोमाजीच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्यानं चिखलातून जबडा उचलला, मुंग्या झटकल्या, गळ सोडवला आणि तसाच रक्ताळलेला डोमाजीच्या तळहातावर ठेवला.

"धुऊन ठेव," तो म्हणाला. "वापस आल्यावर लागन."