कातडं फाटणार नाही अशी गोळी

हम्मादने दोन काडतुसं पिकअपच्या बॉनेटवर उभी केली. एक पॉइंट टू टू, करंगळीच्या पेरात मावेल एवढं. दुसरं टू फोर थ्री, हरणावर चालवायचं, चांगलं बोटभर लांब.

"सांग गफूर. खोकडाला कुठली?"

तबूकबाहेर कोंबड्यांच्या शेडमागे तिघे उभे होते. हम्माद त्यांचा कफील, म्हणजे व्हिसा देऊन कामाला आणणारा सौदी मालक. गफूर त्याच्या दुकानातला शिंपी, थंडीचे कातडी अस्तराचे डगले शिवणारा. जलाल ड्रायव्हर. गफूर आणि तो दोघे हर्णैचे. उत्तरेला लढाई पेटली होती. डोक्यावरून विमानं गेली की शेडमधल्या कोंबड्या एकदम गप्प व्हायच्या. आणि ह्या माणसाला जावयाच्या डगल्यासाठी खोकडाचं मऊ अस्तर हवं होतं. कातडं अखंड मिळावं म्हणून त्याने शिंप्यालाच शिकारीवर आणलं होतं.

डगला झाला की पासपोर्ट, असं हम्मादने कबूल केलं होतं. तिकडे जेद्दाहून लोक मिळेल त्या विमानाने घर गाठत होते. गफूरचा पासपोर्ट हम्मादच्या कपाटात कुलूपबंद.

बारकी गोळी म्हणजे बारीक भोक. म्हणजे कातडं चांगलं. म्हणजे अस्तर पुरं होईस्तोवर हम्माद खोकडं मारत बसणार आणि गफूर सुई ओढत. मोठी गोळी पहिल्याच कातड्याच्या चिंध्या करील. हम्मादला वीट येईल, मग मेंढीच्या कातड्यावर भागवेल. ते तर दुकानात तयारच पडलं होतं.

"मोठी, शेख," गफूर म्हणाला. "बारकीने जनावर पळतं, बिळात जाऊन तडफडत मरतं. जिवाचे असे हाल करू नयेत."

हम्मादने हळूच मान डोलावली. "खरं बोललास. अल्लाह तुझं भलं करो."

जलाल गाडीला टेकून दुसरीकडेच बघत मराठीत म्हणाला, "गफूरभाय, दया नुसती उतू चाललीय तुझी. कधीपासून?"

"गप बस. मला घर गाठायचंय."

ऊन कललं तसं खोकड आलं. मोठाले कान, अंगाने मांजराएवढं. जाळीपाशी नाक लावून उभं राहिलं. हम्माद बिस्मिल्ला म्हणाला आणि त्याने चाप ओढला.

खोकड पळालं नाही. एका कुशीतून गेलेल्या गोळीने दुसरी कूसच उडवून दिली होती. गफूरने ते उचललं. ऊन ऊन कातडं त्याच्या बोटांमधून लोंबत होतं. तोंडावर काही दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली.

"हे काही कामाचं नाही राहिलं, शेख."

हम्मादने भोकातून हात आरपार घालून पाहिला. तो चिडला नाही. घरच्या माणसाकडे बघावं तसं त्याने गफूरकडे बघितलं.

"दुसऱ्या शिंप्याने फेकून दिलं असतं. तू तुकडे जोडलेस की सांधा मला स्वतःला सापडत नाही. मोठीच गोळी बरोबर. तू जिवाचं बोललास, ते मला लागलं. आता सगळी हिनेच मारू. तू सावकाश जोडत बस. पुढची थंडी उजाडली तरी चालेल. खलास."

जलाल हसला नाही.

हम्मादला काहीतरी आठवलं. सीटमागून त्याने रबरी मुखवटा काढला. लढाईत विषारी वायू सोडतील म्हणून त्याच्या घरच्यांना मिळाले होते, त्यातला एक.

"हा तू ठेव. तुला काही होता कामा नये."

त्याने स्वतःच्या हाताने तो गफूरच्या डोक्यावरून ओढला, मागचे पट्टे आवळले, आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

"श्वास घे," तो म्हणाला.

गफूरने घेतला.